कुंडीतल्या वेली – लेखांक ६ : क्लेमॅटिसला सोबत कुणाची?

एप्रिल उजाडला की इंग्लंडमधल्या रोपवाटिकांत क्लेमॅटिसची कोवळी रोपं विक्रीला येतात. नऊ सेंटिमीटरची प्लॅस्टिकची कुंडी, मधोमध बांबूची कामटी, तिला बांधलेल्या सुतळीएवढ्या दोन फांद्या आणि लेबलावर पंजाएवढ्या जांभळ्या फुलाचा फोटो. फोटो पाहून रोप घेतलं जातं आणि त्याच फेरीत पेटुनिया, लोबेलिया, व्हायोलाही पिशवीत पडतात. घरी आल्यावर सगळ्यांची एकाच मोठ्या कुंडीत भरती होते. जुलैपर्यंत पेटुनिया कुंडीच्या काठावरून ओसंडून वाहते आणि क्लेमॅटिस मात्र कामटीच्या टोकाशीच अडकलेली असते. मग दोष रोपवाटिकेला दिला जातो, नाहीतर हवामानाला.

खरी अडचण मातीखाली असते. क्लेमॅटिसच्या कुंडीत कोण राहणार हे फुलांच्या रंगावरून ठरवायचं नसतं, मुळांवरून ठरवायचं असतं. आजचा लेखांक त्याविषयीच आहे.

या वेलीला मुळाशी सावली हवी असं बागकामाच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं. त्याचं कारण रानात दिसतं. इंग्लंडमधल्या चुनखडीच्या प्रदेशातली क्लेमॅटिस व्हायटॅल्बा कुंपणाच्या झुडपांतून वर चढते. हिमालयातली क्लेमॅटिस मोंटाना झाडाझुडपांच्या आधाराने वाढते. सह्याद्रीत पाऊस ओसरल्यावर पांढऱ्या फुलांनी भरून जाणारी मोरवेलही याच कुळातली, आणि तिचीही रीत तीच : बुंधा झुडपाच्या गारव्यात, शेंडा उन्हात. या वेलींना द्राक्षासारखे ताणे नसतात. पानाचा देठच काडीला, तारेला किंवा शेजारच्या फांदीला वळसा घालून घट्ट बसतो. जाड खांबाभोवती त्याला वळता येत नाही, म्हणून कुंडीत आधाराला बारीक कामट्या किंवा पातळ तार लागते. सोबतीच्या झाडाचा एक उपयोग इथेच कळतो. सावलीबरोबर ते देठाला धरायला जागाही देतं.

मोंटानाचा विषय निघालाच आहे तर तिची हकीकतही सांगायला हवी. हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल राहिलेल्या लॉर्ड अ‍ॅमहर्स्ट यांच्या पत्नी लेडी अ‍ॅमहर्स्ट यांच्यामुळे ही वेल १८३१ साली ब्रिटनमध्ये पोहोचली आणि तिथल्या भिंतींवर कायमची स्थायिक झाली. पण कुंडीसाठी ती नव्हे. आठ ते बारा मीटर वाढणाऱ्या वेलीला कुंडीत कोंडणं हा तिच्यावर अन्याय आहे.

मुळाशी सावली याचा खरा अर्थ ओलसर माती. जमिनीत लावलेल्या वेलीची मुळं खोल जाऊन गारवा शोधू शकतात. कुंडीत चहूबाजूंनी ऊन लागतं, काठालगतची माती आधी तापते आणि कोवळी मुळं नेमकी तिथेच असतात. जुने माळी बुंध्याशी कौल किंवा चपटा दगड ठेवत, आणि ती युक्ती आजही उत्तम आहे. कौलाला पाणी लागत नाही, खत लागत नाही. सोबतीच्या झाडाला दोन्ही लागतं. म्हणून सोबत निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो असा : ही मातीला जेवढी सावली देईल त्याहून जास्त पाणी पिणार तर नाही ना?

आता लावणीकडे. नऊ सेंटिमीटरच्या कुंडीतलं रोप थेट मोठ्या कुंडीत टाकायचं नाही. एवढ्याशा मुळांभोवती ढीगभर ओली माती राहिली की ती वापरली जात नाही, साचून राहते आणि मुळं कुजतात. रोप आधी दोन-तीन लिटरच्या कुंडीत एक हंगाम वाढवावं आणि या काळात त्याच्या कुंडीत दुसरं काहीही लावू नये. पहिल्या वर्षी क्लेमॅटिस मुळं करते. वर काही होत नाही असं वाटतं, तेव्हा खाली काम चालू असतं. मुळांचा गोळा कुंडीभर झाला, तळाच्या भोकातून पांढरी टोकं डोकावू लागली की जागा बदलण्याची वेळ झाली.

कायमची कुंडी किमान ४५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल असावी. माती वजनदार हवी. ब्रिटनमध्ये त्यासाठी जॉन इन्स नंबर तीन हे मिश्रण वापरतात. १९३०च्या दशकात जॉन इन्स संस्थेतल्या संशोधकांनी ठरवलेल्या मूळ कृतीत सात भाग पोयट्याची माती, तीन भाग पीट आणि दोन भाग वाळू असे. अशी माती पाणी धरते, निचराही करते आणि वाऱ्यात कुंडी कलंडू देत नाही.

लावताना रोप आधीच्या कुंडीत होतं त्याहून पाच ते आठ सेंटिमीटर खोल बसवायचं, म्हणजे खोडावरचे खालचे एक-दोन डोळे मातीत जातील. टोमॅटोचा अपवाद सोडला तर बहुतेक रोपांना हे मानवत नाही, क्लेमॅटिसला मात्र ते तारून नेतं. याचं कारण मर रोग. कॅलोफोमा क्लेमॅटिडिना नावाची बुरशी खोडात शिरते आणि कळ्यांनी भरलेली फांदी बघता बघता माना टाकते. पानांचे देठ काळे पडतात, पानं लोंबतात. मोठ्या फुलांच्या संकरित जातींना हा धोका जास्त, व्हिटिसेला गटातल्या जातींना कमी. अशा वेळी निरोगी भागापर्यंत, गरज पडली तर मातीलगत छाटून टाकायचं. मातीखालचे डोळे शाबूत असले तर नवे फुटवे येतात. कुंडी फेकून द्यायची घाई कुणीही करू नये.

सोबतीच्या झाडांशी याचा थेट संबंध आहे. बुंध्याशी दाटी झाली की खोड ओलं राहतं, मर लागलेली दिसत नाही आणि गोगलगायींना लपायला जागा मिळते. वसंतातले कोवळे फुटवे गोगलगायी एका रात्रीत साफ करतात. म्हणून खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवावी आणि सोबतीला काठाकडे बसवावं.

कुणाला बसवायचं? लोबेलिया सगळ्यांत सोयीची. तिची मुळं वरवरची, तिलाही ओलसर माती आणि थोडी सावली आवडते, आणि ती काठावरून खाली उतरते, त्यामुळे कुंडीची उन्हाकडची बाजू झाकली जाते. गोड वासाचं अ‍ॅलिसम आणि बुटक्या कॅम्पॅन्युला याही चालतात. व्हायोला थंडीत आणि वसंतात फुलते, उन्हाळ्यात दमते, तेव्हा काढून टाकली तरी चालते. स्नोड्रॉपचे कंद तर हुशारीची निवड आहे. क्लेमॅटिस पाणी ओढायला लागते तोपर्यंत ते फुलून जमिनीत झोपी गेलेले असतात.

आणि टाळायचं कुणाला? पेटुनिया पाण्याची आणि खताची हावरी. पुदिना मुळांचं जाळं पसरून सगळी कुंडी गिळतो. लॅव्हेंडर आणि थाइम दिसायला छान, पण त्यांना कोरडी, हलकी माती हवी. एकीला मानवेल एवढं पाणी घातलं की दुसरी रुसणार. ह्यूकेराची पानं सुंदर असतात, मात्र तिची मुळं म्हणजे व्हाइन वीव्हिल या भुंग्याच्या अळ्यांचं आवडतं खाद्य. मातीत राहून मुळं कुरतडणारी ही अळी कुंडीत शिरली तर शेजारणीच्या मुळांनाही धोका. ब्रिटनमधले माळी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात अळी मारणारे सूक्ष्म कृमी पाण्यातून कुंडीत सोडतात. आधीच ह्यूकेरा न लावणं त्याहून सोपं.

आणखी एक मार्ग आहे, आणि कोवळ्या रोपासाठी तोच सर्वांत चांगला : सोबत शेजारच्या कुंडीत. ईस्ट ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टर या बागेत घराच्या दाराशी कुंड्यांचा जमाव मांडलेला असतो. क्रिस्टोफर लॉइड यांची ही बाग. क्लेमॅटिसवर १९६५ साली पुस्तक लिहिणारे तेच. तिथे वेगवेगळ्या झाडांच्या कुंड्या इतक्या जवळ मांडतात की पाहणाऱ्याला एकच ताटवा दिसतो. क्लेमॅटिसच्या कुंडीच्या दक्षिणेला दोन बुटक्या कुंड्या ठेवल्या की मुळांना सावली मिळते आणि पाण्याची भांडणं होत नाहीत. फुलं सरली की शेजारीण बदलता येते.

जात निवडताना उंची पाहावी. एस्टोनियात उनो किविस्टिक यांनी तयार केलेली ‘पिइलू’ दीड मीटरच्या आत राहते आणि कुंडीत मनापासून फुलते. गर्न्सी बेटावर रोपवाटिका चालवणारे रेमंड एव्हिसन यांनी डेन्मार्कच्या पोल्सन कंपनीबरोबर खास कुंड्यांसाठी ठेंगण्या जाती काढल्या. त्यातली ‘बिजू’ तर गुडघ्याच्याही खाली राहते. वॉर्सातल्या मठात वेली जोपासणारे जेझुइट ब्रदर स्टेफान फ्रांचाक यांची ‘पोलिश स्पिरिट’ एव्हिसन यांनीच बाजारात आणली. ती व्हिटिसेला गटातली, मर रोगाला सहसा दाद न देणारी, पण चार मीटरपर्यंत जाणारी. मोठी कुंडी आणि उंच जाळी असेल तरच तिचा विचार करावा.

लेस्टरला किंवा लंडनला घराच्या मागच्या फरशीवर कुंड्या मांडणाऱ्या मराठी वाचकांना या महिन्यात एवढंच करायचं आहे. नवं रोप असेल तर सर्व फांद्या जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, जोमदार डोळ्यांच्या जोडीच्या वर कापाव्यात, म्हणजे बुंध्यापासून फुटवे येतील. कापताना हातमोजे घालावेत, कारण या वेलीचा चीक कातडीला झोंबतो. बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं आणि कोरडं लागलं तर तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावं. पुण्या-मुंबईच्या उन्हात या थंड हवेच्या संकरित जातींवर पैसे घालवू नयेत. सह्याद्रीतली मोरवेल ऑक्टोबरात कुंपणावर पाहावी. छाटणीचे तीन गट आणि कोणती जात कुठल्या गटात मोडते, ते पुढच्या आठवड्यात.