औषधाला पत्ता मिळाला, पण वाटेचे काय?

क्रांती चौकात सिग्नलला उभे राहून कोणी हँडबिले वाटतो आहे, अशी कल्पना करा. जालना रोडने चाललेला असो, पैठण गेटकडून आलेला असो की उस्मानपुऱ्याकडे वळणारा, समोर येईल त्याच्या हातात कागद. त्यातले खऱ्या गरजूंच्या हाती किती पडणार? केमोथेरपीचे औषध शिरेतून सोडल्यावर बरेचसे असेच होते. ते रक्ताबरोबर सगळीकडे पोहोचते आणि झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना गाठते. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच. पण केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जेतील पेशीही तशाच असतात. म्हणून केस गळतात, तोंड येते, जुलाब होतात, पांढऱ्या पेशी घटतात.

आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्यातून येणाऱ्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना हे सांगावे लागत नाही. पांढऱ्या पेशी कमी भरल्या की पुढचा डोस लांबतो आणि गावाहून केलेली खेप वाया जाते. म्हणूनच ‘औषध थेट गाठीवर पोहोचवणारे नॅनोकण’ अशी बातमी आली, की आशा वाटणे स्वाभाविक आहे. त्या आशेत किती तथ्य आहे?

नॅनोकण म्हणजे साधारण १०० नॅनोमीटर आकाराची औषधाची पुडी. आपला केस तिच्यापेक्षा शेकडो पटींनी जाड असतो. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या असल्याने त्यांच्या भिंतींत फटी राहतात. त्यातून मोठे रेणू गाठीत झिरपतात आणि साठून राहतात, असे जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवले. डॉक्सोरुबिसिन हे औषध चरबीसदृश पदार्थाच्या अशा पुडीत भरून १९९५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. हृदयाला होणारी इजा त्यामुळे कमी झाली. मात्र तळहात-तळपायांची त्वचा लाल होऊन सोलणे हा त्रास वाढला. आपल्याकडे मुंबईची सन फार्मा हेच औषध ‘लायपोडॉक्स’ नावाने बनवते. २०१२ मध्ये अमेरिकेत तुटवडा पडला, तेव्हा ते तिथेही मागवले गेले.

या पुडीवर पत्ता मात्र नव्हता. पत्त्याचे काम पेप्टाइड करते. अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी पेशीवरच्या ठरावीक ग्राहक प्रथिनाला जाऊन चिकटते, कुलपात किल्ली बसावी तशी. अवघ्या तीन अमिनो आम्लांचा ‘आरजीडी’ हा तुकडा १९८४ मध्ये ओळखला गेला. तो ज्या प्रथिनांना धरतो, त्यांतली काही गाठीच्या नव्या रक्तवाहिन्यांवर मोठ्या संख्येने असतात.

पेप्टाइडचा पत्ता माणसात चालतो, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. आतडे, स्वादुपिंड अशा ठिकाणी होणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन गाठींवर आठ अमिनो आम्लांचे पेप्टाइड वापरतात. त्याला ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ‘ध्रुव’ अणुभट्टीत हे ल्युटेशियम तयार होते आणि केंद्राच्याच परळमधील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हे उपचार दिले जातात. पेप्टाइड गाठीला चिकटते आणि किरणांचा मारा प्रामुख्याने तिथेच होतो.

मग हेच पेप्टाइड केमोच्या पुडीला लावले की झाले, असे वाटेल. अडचण इथेच आहे. ल्युटेशियमचे औषध आकाराने लहान. गाठीला न चिकटलेला भाग बराचसा लघवीवाटे लवकर निघून जातो. नॅनोकण त्यामानाने अवाढव्य. तो रक्तात शिरताच प्रथिने त्याच्यावर थर चढवतात आणि पेप्टाइड झाकले जाते. पाकिटावरचा पत्ता चिखलाने पुसावा तसे. उरलेले बरेच कण यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी अडवतात. टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरील प्रयोग एकत्र तपासले. गाठीपर्यंत पोहोचलेल्या नॅनोकणांचे मध्यक प्रमाण निघाले दिलेल्या मात्रेच्या ०.७ टक्के. पत्ता लावल्याने हा आकडा थोडा वाढतो, प्रश्न मिटत नाही. उंदरात गाठ विरघळली, या बातमीपासून रुग्णाच्या सलाइनपर्यंतचे अंतर म्हणूनच मोठे आहे. पेप्टाइड लावलेले केमोचे नॅनोकण अजून नेहमीच्या उपचारात आलेले नाहीत.

तोवर ‘नॅनो’ शब्द ऐकून चालू केमो थांबवू नका. मधल्या काळात गाठ वाढत राहते. कोणी असा उपचार सुचवला तर तीन गोष्टी विचारा. हे औषध देशात मान्यताप्राप्त आहे का? चाचणी असेल, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणी नोंदवहीतला क्रमांक कोणता? आचारसमितीची परवानगी आणि आपल्या भाषेतले संमतिपत्र कुठे आहे? उत्तर टाळले गेले, तर पैसे देऊ नका.

आणि आजच्या केमोचा त्रास मुकाट्याने सोसू नका. उलट्यांवर चांगली औषधे आहेत. ताप १००.४ फॅरनहाइटपर्यंत गेला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा वाटणारा तापही जिवावर बेततो.