मडक्यात मडके

गावच्या विहिरीत दोरीने सोडलेले मडके तुम्ही पाहिले आहे का? तो करणीचा प्रकार नव्हे! नागपूरला १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था निघाली. १९७४ पासून तिला ‘नीरी’ म्हणतात. विहिरीत नुसती टी.सी.एल. पावडर टाकली, तर आज पाण्याला उग्र वास आणि चार दिवसांनी क्लोरीन नाहीसा. एक मडके सोडले, तर लहान विहिरीत तो जास्तच होई. म्हणून संस्थेने मडक्यात मडके बसविले. आतल्यात १ किलो पावडर व २ किलो ओलसर जाड वाळू. दोन्हींना १ सेंटिमीटरचे एकेक छिद्र. पण आतल्याचे वरच्या अंगाला, बाहेरच्याचे तळाच्या जरा वर. क्लोरीनची वाट लांबते, विसरण सावकाश होते. ४,५०० लिटर पाण्याच्या, रोज ३६० ते ४५० लिटर उपशाच्या घरगुती विहिरीला एक भरण दोन-तीन आठवडे पुरते.

पुढचे काम ग्रामपंचायतीचे, आणि घोडे अडते ते इथेच. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पोते दमट खोलीत उघडे राहिले की तो उडून जातो. मग मडके विहिरीत असूनही गॅस्ट्रोची साथ येऊ शकते. म्हणून आपल्या राज्यात पावडरीचे नमुने प्रयोगशाळेत तपासतात, आणि पाणीव्यवस्था धोक्याची ठरल्यास ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळते. तुमच्या गावाला कोणत्या रंगाचे मिळाले आहे, ते ग्रामपंचायतीत विचारून पाहा.