कुंपणाच्या आतला हिशेब

ओस्लोमध्ये आज नवी मोटार घ्यायला गेलेला माणूस बहुधा विजेवरचीच गाडी घेऊन बाहेर पडतो. 2024 मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास 89 टक्के विजेवरच्या होत्या. इतर कुठल्याही देशाला हे जमलेलं नाही. सरकारने वर्षानुवर्षं करमाफी दिली, चार्जिंगची सोय केली, लोकांनीही साथ दिली. ही प्रगती खरी आहे. पण ज्या तिजोरीच्या जोरावर ही करमाफी परवडली, ती उत्तर समुद्रातून उपसलेल्या तेल-वायूने भरलेली आहे. तो माल आजही परदेशी जातो आणि तिथे जळतो. त्याचा धूर मात्र नॉर्वेच्या खात्यात लिहिला जात नाही, कारण इंधन ज्या देशात जळेल त्याच्या नावावर उत्सर्जन मांडायचं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

शाश्वत विकासात कोण पुढे आणि कोण मागे, या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच: हिशेब करणाऱ्याने कुंपण कुठे घातलं आहे? देश असो वा कंपनी, कुंपणाच्या आतलं आवार स्वच्छ करणं तुलनेने सोपं असतं. बाहेर काय टाकलं, बाहेरून काय आणलं आणि ते कुणाच्या अंगावर पडलं, हे विचारलं की गुणपत्रिका बदलते.

सप्टेंबर 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 193 देशांनी 17 उद्दिष्टं आणि त्यांखालची 169 लक्ष्यं स्वीकारली. मुदत 2030 ची. गरिबी, भूक, शाळा, पाणी, वीज, हवामान, सगळंच त्यात आलं. 2000 सालची सहस्रक उद्दिष्टं मुख्यतः गरीब देशांसाठी होती. ही श्रीमंतांनाही लागू झाली, हा त्यातला मोठा बदल. दहा वर्षांनी, 2025 च्या अहवालात संयुक्त राष्ट्रांनीच मांडलेलं चित्र असं: ज्या लक्ष्यांची पुरेशी आकडेवारी मिळते, त्यांपैकी सुमारे 35 टक्के मार्गावर आहेत किंवा बऱ्यापैकी पुढे सरकत आहेत. जवळजवळ निम्मी फार हळू चालली आहेत. 18 टक्के लक्ष्यांबाबत जग 2015 च्याही मागे गेलं आहे. 2025 च्याच मार्चमध्ये अमेरिकेने आमसभेत ही उद्दिष्टं आपल्याला मान्य नाहीत असं जाहीर करून टाकलं.

देशांची क्रमवारी लावणारा एक स्वतंत्र वार्षिक अहवाल आहे. त्यात फिनलंड गेली काही वर्षं सतत पहिला येतो, स्वीडन आणि डेन्मार्क त्याच्या मागोमाग. भारत 2025 मध्ये पहिल्यांदाच पहिल्या शंभरात आला, 99 व्या क्रमांकावर. बातम्या एवढ्यावरच थांबतात. याच अहवालात आणखी एक रकाना असतो, तो सहसा कुणी छापत नाही. एखाद्या देशाच्या आयातीमुळे, करचुकवेगिरीला दिलेल्या आसऱ्यामुळे, शस्त्रविक्रीमुळे इतर देशांवर काय भार पडतो, हे त्यात मोजलेलं असतं. तिथे युरोपातली ही हुशार मुलं झपाट्याने खाली घसरतात.

म्हणून पहिल्या आलेल्यांपेक्षा मला उरुग्वेबद्दल अधिक सांगावंसं वाटतं. जेमतेम 35 लाख वस्तीचा हा दक्षिण अमेरिकी देश. स्वतःचं तेल नाही, कोळसा नाही, वायूही नाही. पूर्वी वीज मुख्यतः धरणांवर, त्यामुळे पाऊस कमी पडला की महागडं तेल आयात करायचं नाहीतर शेजाऱ्यांकडून वीज विकत घ्यायची. 2008 मध्ये रामोन मेंडेझ या भौतिकशास्त्रज्ञाकडे ऊर्जा खात्याची धुरा आली. त्यांनी आखलेल्या धोरणाला 2010 मध्ये सर्व राजकीय पक्षांनी एकत्र मान्यता दिली, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे. सरकार बदललं तरी करार बदलणार नाहीत, हा भरवसा मिळाला. मग सरकारी वीज कंपनीने लिलाव पुकारले आणि पवनचक्क्या उभारणाऱ्यांकडून दीर्घ मुदतीसाठी ठरलेल्या दराने वीज घेण्याची हमी दिली. नफ्याची खात्री झाल्यावर भांडवल आलं. गुरं चरतात त्याच माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, शेतकऱ्याला जागेचं भाडं सुरू झालं. दहा वर्षांच्या आत देशाची बहुतेक सगळी वीज पाणी, वारा, सूर्य आणि शेती-जंगलातला जैविक कचरा यांतून मिळू लागली.

आणि याच देशाच्या राजधानीत 2023 मध्ये नळाला खारं पाणी आलं. मोठा दुष्काळ पडला, माँटेव्हिडिओला पाणी पुरवणारा पासो सेवेरिनो जलाशय तळाला गेला आणि पाणीपुरवठा खात्याने समुद्राजवळच्या खाडीचं पाणी शहराच्या पुरवठ्यात मिसळलं. गरोदर बायका, मूत्रपिंडाचे रुग्ण यांना ते पिऊ नका असं सांगावं लागलं. विजेत जगाच्या पुढे असलेला देश पिण्याच्या पाण्यात असा उघडा पडला. विजेसाठी जी सर्वपक्षीय दूरदृष्टी दाखवली, ती पाण्यासाठी दाखवली गेली नव्हती.

उरुग्वेला निदान भांडवल उभारता आलं. आज जगातली सुमारे 340 कोटी माणसं अशा देशांत राहतात, जिथलं सरकार आरोग्यावर किंवा शिक्षणावर खर्च करतं त्याहून जास्त पैसा कर्जाच्या व्याजापोटी देतं. अशा देशाला तुझी प्रगती का थांबली हे विचारणं क्रूर आहे. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के मदत द्यावी, हा ठराव 1970 चा. 2024 मध्ये तो पाळणारे देणगीदार देश होते चार: नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन आणि डेन्मार्क. नॉर्वेच्या बाजूने हेही नोंदवलंच पाहिजे.

आपल्याकडे नीती आयोग याच उद्दिष्टांवर राज्यांचे गुण काढतो. देशाचे गुण 2018 मध्ये 57 होते, 2023-24 मध्ये 71 झाले. उत्तराखंड आणि केरळ 79, गोवा 77, बिहार 57. पण गुणांपेक्षा बालमृत्यूचा आकडा अधिक स्पष्ट बोलतो. 2023 च्या नमुना नोंदणीनुसार केरळमध्ये जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी 5 बाळं पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी दगावतात, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशात 37. केरळचा आकडा अमेरिकेच्या बरोबरीचा आहे. देशाची सरासरी 25 असं म्हटलं, की या दोन्ही गोष्टी दिसेनाशा होतात.

आता कंपन्यांकडे येऊ. 2020 च्या सुमारास मोठमोठ्या घोषणांची लाट आली होती. बीपी या तेल कंपनीने 2030 पर्यंत तेल-वायूचं उत्पादन 40 टक्क्यांनी घटवू असं म्हटलं. 2023 मध्ये तो आकडा 25 वर आला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये कंपनीने उलट तेल-वायूतली गुंतवणूक वाढवायचं ठरवलं. युनिलिव्हरने नव्या प्लास्टिकचा वापर 2025 पर्यंत निम्म्यावर आणायचं ठरवलं होतं. 2024 मध्ये ते 2026 पर्यंत एक तृतीयांश कपात असं झालं. मायक्रोसॉफ्टचं उत्सर्जन 2020 नंतर घटण्याऐवजी तीन वर्षांत 29 टक्क्यांनी वाढलं, मुख्यतः नव्या डेटा सेंटरच्या बांधकामामुळे.

शब्द पाळणाऱ्याही आहेत. डेन्मार्कची ओर्स्टेड ही कंपनी पूर्वी डोंग एनर्जी नावाने कोळसा जाळून वीज करायची. 85 टक्के खनिज इंधन आणि 15 टक्के हरित, हे प्रमाण 2040 पर्यंत उलटं करू, असं तिने 2009 मध्ये ठरवलं आणि दहा वर्षांत करून दाखवलं. 2024 मध्ये तिचं शेवटचं कोळशावरचं केंद्र बंद झालं. या कंपनीतला निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा डॅनिश सरकारचा आहे. थांबायला तयार असलेला मालक मागे असला की कंपनीला दूरचं पाहता येतं. तीन-तीन महिन्यांच्या निकालाकडे डोळे लावलेल्या भागधारकांपुढे ते कठीण जातं.

भारतात शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. वार्षिक अहवालातच तो सापडतो, बीआरएसआर या नावाने. कितीही रुक्ष दिसला तरी हा दस्तऐवज मोलाचा आहे. पाणी किती किलोलिटर घेतलं, कचरा किती टन झाला, पुरुष आणि स्त्री कर्मचाऱ्यांचा मध्यक पगार किती, किती कामगार कायम आणि किती कंत्राटी, सगळं रकान्यांत भरावं लागतं. मात्र पुरवठादारांकडच्या आणि ग्राहकांकडच्या उत्सर्जनाचा रकाना ऐच्छिक. मोठ्या पुरवठादारांची माहिती पहिल्या 250 कंपन्यांना द्यावी लागणार होती, नाहीतर न देण्याचं कारण सांगावं लागणार होतं. ती वर्षभर पुढे ढकलली आणि ऐच्छिकही केली. शिवाय ज्यांचा खरेदीत किंवा विक्रीत किमान 2 टक्के वाटा आहे, असेच पुरवठादार आणि ग्राहक त्यात मोजायचे.

इथे मला बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर आठवतात. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेऊन टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ती ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, पण हिशेबात तिचं वेगळं नाव नाही. एक दिवस काम चुकलं तर खाडा पडतो आणि दंड कापला जातो, मग तो ताप असो की पाळी. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे दर सहा जणींत एक. देशाची सरासरी 3 टक्क्यांच्या आसपास आहे. 'पिशवी काढली' हे तिथे इतक्या सहजपणे सांगितलं जातं की ऐकणाऱ्याला गलबलून यावं.

याच उसाची साखर मोठमोठ्या खाद्य आणि शीतपेय कंपन्यांकडे जाते. मका-तांदळाबरोबर याच उसापासून इथेनॉलही होतं. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचं 2030 चं लक्ष्य देशाने पाच वर्षं आधी, 2025 मध्ये गाठलं आणि स्वच्छ ऊर्जेच्या रकान्यात त्याची यशस्वी नोंद झाली. सहकारी कारखाने शेअर बाजारात नोंदलेले नाहीत, म्हणून त्यांना बीआरएसआर लागू नाही. साखर घेणाऱ्या कंपनीला पुरवठादारांबद्दल लिहिणं ऐच्छिक. मुकादम कुणाच्याच कागदावर नाही. अशा तीन कुंपणांच्या पलीकडे ती बाई उभी आहे, आणि प्रत्येक कुंपणाच्या आतला अहवाल नियमानुसार अगदी बरोबर आहे.

हे बदलायला नवं उद्दिष्ट नको. पुरवठासाखळीची माहिती सेबीने सक्तीची करावी, 2 टक्क्यांच्या अटीतून शेतमाल वगळावा, आणि कारखान्यांनी कोयत्याऐवजी माणशी नोंद आणि माणशी मजुरी सुरू करावी. यातलं काहीही अशक्य नाही.

वाचकांपैकी अनेकांकडे खाद्यपदार्थ किंवा शीतपेयं बनवणाऱ्या एखाद्या कंपनीचे चार-दोन तरी शेअर असतील. तिच्या वार्षिक सभेची सूचना ईमेलने आली की ती न वाचता पुसून टाकू नका. सभा आता बहुधा ऑनलाइन असते आणि भागधारकाला बोलण्यासाठी आधी नाव नोंदवता येतं. नाव नोंदवा, आणि संचालक मंडळाला एवढंच विचारा: तुम्ही घेता त्या साखरेचा ऊस तोडणाऱ्या बाईची मजुरी तुमच्या अहवालात कुठल्या पानावर आहे?