परसांतील कोंबड्यांचें खाद्य

पनवेलकडील भातकऱ्याच्या घरीं कणी-कोंडा विपुल. म्हणून खाण्यासाठीं पाळलेल्या दहावीस कोंबड्या त्यावरच पोसण्याची चाल आहे. पण एवढ्यानें पिलें अंग धरीत नाहींत. त्यांस शेंकडा २० ते २२ भाग प्रथिन लागतें. कणींत तें ८ च्या आसपास. ही उणीव भुईमुगाची पेंड व सुकी मासळी यांनीं भरावी. मासळी बिनमिठाचीच घ्यावी. खारवलेलीनें पिलें दगावतात. पेंडीची गोष्ट याहून नाजूक. आपल्या आषाढांत तिला बुरशी हटकून धरते. १९६० सालीं इंग्लंडांत अशाच पेंडीनें लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. हें विष उन्हांत वाळवून वा भाजून पुरतें जात नाहीं. म्हणून पावसाळ्यांत पेंड आठवड्यापुरतीच आणावी. बुरसलेली उकिरड्यावर टाकूं नये, कोंबड्या तीच उकरतील, खोल पुरावी.