समूहातील विचारमंथन : स्वरूप, दोष व उपाय

प्रस्तावना :
'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण सामूहिक विचारावरील समाजाची श्रद्धा व्यक्त करते. महाविद्यालयीन समित्यांपासून विद्यार्थ्यांच्या गटप्रकल्पांपर्यंत अनेक कामे आज समूहानेच केली जातात. परंतु पाच जण एकत्र बसले, म्हणजे पाच जणांचा विचार झाला, असे नव्हे. प्रस्तुत लेखात समूह-विचारमंथनाचे स्वरूप, त्यातील दोष व उपाय यांचे विवेचन केले आहे.

संकल्पना :
अमेरिकन जाहिरात व्यावसायिक अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी १९५३ मध्ये 'अप्लाइड इमॅजिनेशन' या ग्रंथात 'ब्रेनस्टॉर्मिंग' म्हणजेच विचारमंथनाची सविस्तर मांडणी केली. कल्पनेवर लगेच टीका करू नये, मुक्तपणे बोलावे, जास्तीत जास्त कल्पना सुचवाव्यात आणि इतरांच्या कल्पनांत भर घालावी, असे चार नियम त्यांनी सांगितले. समूहात व्यक्तीला अधिक कल्पना सुचतात, असा त्यांचा दावा होता.

दाव्याची पडताळणी :
१९५८ मध्ये येल विद्यापीठात टेलर, बेरी व ब्लॉक यांनी ९६ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. ४८ विद्यार्थ्यांचे चौघा-चौघांचे १२ गट केले. उर्वरित ४८ जणांनी एकेकट्याने विचार केला. पुनरुक्ती वगळून चार स्वतंत्र व्यक्तींच्या कल्पना एकत्र केल्या असता त्या प्रत्यक्ष गटाच्या जवळजवळ दुप्पट भरल्या.

प्रमुख दोष :
१) खोळंबा : एक जण बोलत असताना इतरांना थांबावे लागते, तेवढ्यात सुचलेले विसरते किंवा विचारांची साखळी तुटते. डील व श्ट्रोबे यांच्या १९८७ मधील संशोधनात हेच प्रमुख कारण आढळले.
२) संकोच : टीका होणार नाही असे सांगूनही मूल्यमापनाची भीती उरतेच.
३) जबाबदारीची विभागणी : काम सर्वांचे असले की 'कोणीतरी करील' ही वृत्ती बळावते.
४) एकमताचा दबाव : हा दोष सर्वांत घातक होय. १९६१ मधील क्यूबावरील 'बे ऑफ पिग्ज' मोहिमेबाबत केनेडी यांचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांनी लेखी आक्षेप नोंदविला होता. परंतु बैठकांत ते गप्प राहिले. मोहीम फसली. आयर्विंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये अशा प्रवृत्तीचे 'ग्रुपथिंक' या संज्ञेखाली विश्लेषण केले. प्रमुखाने आरंभीच मत मांडले, की इतरांच्या जिभेवर आलेला आक्षेप तेथेच विरतो आणि इतिवृत्तात मात्र 'सर्वानुमते मंजूर' अशी नोंद होते.

उपाय :
डेलबेक व व्हॅन डी व्हेन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक सदस्य प्रथम शांतपणे स्वतःच्या कल्पना लिहितो. नंतर क्रमाने एकेक कल्पना फळ्यावर येते, चर्चा होते व शेवटी प्रत्येक जण स्वतंत्रपणे पसंतीक्रम देतो. यामुळे खोळंबा व संकोच दोन्ही कमी होतात. प्रमुखाने शेवटी बोलणे हाही साधा पण परिणामकारक उपाय आहे. १९६२ च्या क्यूबा क्षेपणास्त्र पेचप्रसंगात केनेडी काही बैठकांना जाणीवपूर्वक अनुपस्थित राहिले, ते सल्लागारांना मोकळेपणाने बोलता यावे म्हणूनच.

समारोप :
विचार प्रथम व्यक्तीच्या मनात जन्म घेतो; समूह त्याला पारखतो व घडवितो. हा क्रम उलटला की समूहाचे बळच त्याची मर्यादा ठरते. पाच मुखांतून एकाच मुखाचा प्रतिध्वनी उमटत असेल, तर तेथे परमेश्वर शोधणे व्यर्थ होय. म्हणून बैठकीतील शांतता ही संमती समजण्यापूर्वी, न बोललेल्या सदस्याला त्याचे मत विचारणे हे प्रत्येक समूहप्रमुखाचे कर्तव्य ठरते.