पडद्यावरची हिमरू शाल

हिमरू शाल ग्राहकाच्या हातात दिली की दुकानदाराला फारसे बोलावे लागत नाही. मोबाईलवर मात्र तिचा सपाट फोटो छापील चादरीसारखा दिसतो. म्हणून छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील हिमरू-मशरूच्या व्यापाऱ्यांनी संगणकावर कापड हलवण्याची कला समजून घेतली पाहिजे. तिच्यातला धोकाही.

या कामाला आफ्टर इफेक्ट्स हे सॉफ्टवेअर वापरतात. ते १९९३ साली बाजारात आले. फोटो वाकवण्या-पिळण्याचे त्यात अनेक प्रकार आहेत. त्यांतला 'वेव्ह वॉर्प' फोटोवर लावला की लाटा आपोआप धावू लागतात, आणि नवशिका तेवढ्यावरच खूश होतो. सुरुवातीला लाटेची रुंदी ४० पिक्सेल आणि वेग सेकंदाला एक लाट असा ठरलेला असतो. उभ्या व्हिडिओची उंची १९२० पिक्सेल. म्हणजे वरून खाली लाट सोडली तर एका शालीवर ४८ लाटा! अशी शाल कुठे असते का?

हिमरूचा ताणा सुती, नक्षीचा बाणा रेशमी, आणि नक्षीचे जादा धागे पाठीमागे मोकळे सुटलेले. त्यामुळे कापडाला वजन येते. ते ओढणीसारखे फडफडत नाही, संथ झुलते. म्हणून रुंदी ७०० च्या आसपास, वेग ०.३, उंची आठ-दहा आणि दिशा १८० अंश ठेवावी. 'पिनिंग'मध्ये वरची कड निवडावी, म्हणजे शाल दांडीवर टांगल्यासारखी वरून स्थिर राहते.

एक उणीव मात्र राहते. हा इफेक्ट चित्र सरकवतो, सावली पाडत नाही. म्हणून कापड रबरासारखे वाटते. त्यावर उपाय 'डिस्प्लेसमेंट मॅप'चा. पांढऱ्या जाड कापडाच्या चुण्यांचा काळा-पांढरा फोटो घ्यावा. त्यातला मधला करडा रंग नक्षीला जागेवर ठेवतो, उजळ आणि गडद भाग तिला विरुद्ध बाजूंना सरकवतात. तोच फोटो 'मल्टिप्लाय' करून वर ठेवला की सावलीही मिळते.

मग सरळ खराच व्हिडिओ का काढू नये? माल तयार असेल तर जरूर काढावा. पण ऑर्डरच्या मालाचा अनेकदा वीतभर नमुनाच विणलेला असतो, तेव्हा ही युक्ती कामी येते. अशा वेळी 'हे संगणकावरचे चित्र आहे' एवढे खाली लिहावे. पैगंबर साहेबांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवून दिला, ती हदीस आपण सारे ऐकत आलो आहोत. शिवाय पडद्यावर रेशमी ओढणी पाहिलेल्या ग्राहकाच्या घरी जाड शाल पोहोचली, तर पार्सल परत येते आणि दोन्हीकडचे भाडे व्यापाऱ्याच्या माथी बसते.

शेवटचे दोन सेकंद नमुना उलटा करून मागचे मोकळे धागे दाखवावेत. त्या भागावर कोणताही इफेक्ट लावू नये.