अनवाणी चाललं की शुगर उतरते?

माघ पौर्णिमेनंतर कोल्हापुरातून जोतिबाचे खेटे सुरू होतात. ओळीने पाच रविवार पहाटेच पंचगंगा ओलांडून वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख अशा वाटेने माणसे वाडी रत्नागिरीचा डोंगर चढतात. त्यांतली पुष्कळ अनवाणी असतात. दक्षिणेची मोहीम आटोपून परत निघालेल्या जोतिबाला थांबवायला अंबाबाई स्वतः अनवाणी चालत आली, या कथेशी ही रीत जोडलेली आहे. श्रद्धेची ही गोष्ट आहे आणि तिला डॉक्टरच्या शिफारशीची गरज नाही. पण अलीकडे तिला एक वैद्यकीय शेपूट जोडले जाते: अनवाणी चालले की जमिनीतली ऊर्जा तळव्यातून अंगात शिरते आणि त्याने शुगर, बीपी, सांधेदुखी सगळे उतरते. दर वर्षी ऐकू येणारा हा दावा नुसता चुकीचा असता तर सोडून देता आला असता. तो नेमका ज्यांनी ऐकू नये त्यांनाच सांगितला जातो, म्हणून त्याचा समाचार घ्यायला हवा.

या ‘ऊर्जे’चे मूळ ‘अर्थिंग’ नावाच्या अमेरिकी कल्पनेत आहे. जमिनीतले इलेक्ट्रॉन शरीरात येतात आणि दाह शमवतात, असे ती सांगते. तिच्या समर्थनार्थ नेहमी दाखवला जाणारा 2012 सालचा आढावा लिहिणाऱ्यांचे अर्थिंगची साधने विकणाऱ्या कंपनीशी आर्थिक संबंध होते, हे त्या लेखातच नमूद आहे. रक्त पातळ होते असे सांगणारा 2013 सालचा प्रयोग अवघ्या दहा जणांवर झाला होता. एवढ्यावर मधुमेहाचा उपचार उभा राहत नाही. शिवाय ही कल्पना क्षणभर खरी धरली, तरी कोरड्या डांबरातून वीज जवळपास वाहतच नाही. म्हणजे डोंगराच्या डांबरी रस्त्यावर चालणाऱ्याला तिच्याच हिशेबाने काही मिळायला नको. चालून शुगर उतरते हे मात्र खरे आहे. चालताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू रक्तातली साखर वापरतात. ते स्नायू पायात चप्पल आहे की नाही, हे विचारत नाहीत.

मग अनवाणी चालण्याचा काहीच फायदा नाही का? आहे, आणि तो आपल्या शेजारच्या कर्नाटकातच मोजला गेला आहे. राव आणि जोसेफ या अस्थिरोगतज्ज्ञांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि 1992 साली निष्कर्ष छापले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण 8.6 टक्के होते, न वापरणाऱ्यांत 2.8 टक्के. बंद बुटांपेक्षा चपला-सँडल घालणाऱ्यांची स्थितीही बरी होती. कारण उघड आहे: पाऊल मोकळे असले की बोटे पसरतात, जमीन पकडतात, तळव्याचे लहान स्नायू राबतात आणि कमान घडते. घट्टे पडले की तळवा बधिर होतो, हाही समज केनियातल्या पाहणीने खोडून काढला. अनवाणी वावरणाऱ्यांचे घट्टे जाड होते, पण तळव्याची जाण शाबूत होती. यावर कुणी ओरेगॉनमधला 2005 सालचा प्रयोग पुढे करील. त्यात गोट्यांच्या चटईवर सोळा आठवडे चाललेल्या वृद्धांचा तोल आणि रक्तदाब सुधारला होता. तो प्रयोग मान्यच आहे. पण तिथे खोलीत अंथरलेली स्वच्छ चटई होती. उन्हातला डोंगर नव्हता, काचा-काटे नव्हते.

या सगळ्या पुराव्यातून एकच गोष्ट निघते. अनवाणी चालण्याचा लाभ जाणिवेतून येतो. खडा टोचतो, पाऊल सावरते, स्नायू शिकतो. ही साखळी तुटली की लाभ संपतो आणि संरक्षणही संपते. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने नेमकी हीच साखळी तुटते. पायाच्या नसा मंदावतात, काटा रुतल्याचे कळत नाही, भर उन्हात 60 अंशांपर्यंत तापू शकणारे डांबर कोमट वाटते, आणि संध्याकाळी फोड दिसतो. मधुमेह्याच्या पायात रक्तपुरवठाही अनेकदा अपुरा असतो. त्यामुळे जखम भरत नाही, चिघळते, आणि पुढे बोट किंवा पाऊल काढण्यापर्यंत पाळी येते. म्हणूनच मधुमेही पायाविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे धोका असलेल्या रुग्णाला घरातसुद्धा अनवाणी चालू नका, असे सांगतात. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी मधुमेही आहेत. त्यांना ‘अनवाणी जा, शुगर उतरेल’ असे सांगणे हा बेजबाबदारपणा आहे. ‘आमचे आजोबा आयुष्यभर अनवाणी चालले, त्यांना काय झाले?’ हा प्रश्न इथे लागू पडत नाही. त्यांचे तळवे लहानपणापासून तयार झालेले होते. वर्षभर बूट घालून एका रविवारी डोंगर चढणाऱ्याचे तसे नसतात.

बाकीचे समज थोडक्यात. दवाच्या गवतावर चालून चष्मा उतरत नाही. नजरेचा दोष बुबुळाच्या आणि डोळ्याच्या आकारात असतो. तळव्यावरचे बिंदू दाबून आतले अवयव सुधारतात याला पुरावा नाही. अठरा चाचण्यांच्या 2009 सालच्या आढाव्यातही तो सापडला नाही. गार फरशीवर चालून सर्दी होत नाही, ती विषाणूने होते. आणि ओली माती नेहमीच निर्मळ नसते. अंकुशकृमीच्या अळ्या तळव्याच्या धडधाकट कातडीतूनही आत शिरतात.

देवाला बोललेला नवस कसा फेडायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण शुगर असलेल्याने खेट्याला निघण्यापूर्वी डॉक्टरकडून पायाची जाण तपासून घ्यावी. नायलॉनच्या बारीक तंतूने ती तपासणी काही मिनिटांत होते. जाण कमी असेल तर डोंगर चपला घालूनच चढावा, आणि पायऱ्यांपाशी चपला काढाव्या लागल्या तरी तापलेल्या दगडावर उभे राहू नये. घरी परतल्यावर दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात नीट पाहाव्यात. वाकता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगावे. छोटी जखम दिसली तरी हळद लावून थांबू नये, दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठावा.